कर्णनाद : शांततेत मोठा होणारा आवाज

मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडविकार अशा दीर्घकालीन आजारांच्या सोबतीने येणाऱ्या कानातील आवाजाविषयी, मावळ-लोणावळ्याच्या संदर्भात

बोरघाटातून १८६३ साली आगगाडी धावू लागली आणि मुंबईकरांना खंडाळा-लोणावळ्याची थंड हवा जवळची झाली. तेव्हापासून 'हवापालट' या शब्दाशी या भागाचे नाते जडले आहे. आजारातून उठलेल्या माणसाला, थकलेल्या नोकरदाराला आणि निवृत्त दांपत्याला डॉक्टर व आप्तेष्ट हमखास 'चार दिवस लोणावळ्याला जाऊन या' असा सल्ला देत आले. गेल्या काही दशकांत तळेगाव, कामशेत, लोणावळा या पट्ट्यात बंगले आणि गृहसंकुले उभी राहिली. शहराच्या गोंगाटाला विटलेले अनेक ज्येष्ठ नागरिक येथे कायमचे राहावयास आले. त्यांच्यासोबत मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी असे जुने सोबतीही आले.

दम्याच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णाला धूर व धकाधकी कमी असलेल्या जागेचा लाभ होऊ शकतो. एक तक्रार मात्र अशी आहे की, जी निवांतपणात कमी होण्याऐवजी अधिक जाणवू लागते. ती म्हणजे कानात सतत ऐकू येणारा आवाज, अर्थात कर्णनाद. वैद्यकीय परिभाषेत त्यास 'टिनिटस' म्हणतात. शहरातील वाहतुकीच्या आवाजात जो दबून राहिलेला असतो, तो मावळातील शांत रात्री एकाएकी मोठा झाल्यासारखा वाटतो. येथील हवाच मानवली नाही, असा समज करून घेऊन काही जण पुन्हा शहराची वाट धरतात. हा समज दूर होणे आवश्यक आहे.

कर्णनाद म्हणजे काय?

बाहेर कोणताही ध्वनी नसताना कानात किंवा डोक्यात आवाज ऐकू येणे, म्हणजे कर्णनाद. कोणाला रातकिड्यांची किरकिर ऐकू येते, कोणाला कुकरची शिट्टी, कोणाला वाऱ्याचा घोंघाट, तर कोणाला विजेच्या तारेसारखी गुणगुण. 'कान वाजतात' असे साध्या भाषेत म्हटले जाते. हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग सांगितले असून कानातील आवाजाचा त्यांत समावेश आहे. चेक संगीतकार बेद्रिख स्मेताना याने १८७६ साली रचलेल्या आपल्या पहिल्या तंतुवाद्य चतुष्टकाच्या अखेरीस एक दीर्घ, तीव्र स्वर योजला. आपल्या कानात वाजणाराच तो स्वर होता, असे त्याने सांगून ठेवले आहे.

जगभरातील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे १४ टक्के प्रौढांना कर्णनादाचा अनुभव येतो, तर सुमारे २ टक्के लोकांना त्याचा तीव्र त्रास होतो. या दोन आकड्यांमधील अंतर लक्षणीय आहे. बहुसंख्यांना आवाज ऐकू येतो, पण त्याने त्यांचे आयुष्य विस्कटत नाही. ज्यांचे विस्कटते, त्यांच्या बाबतीत केवळ आवाजाची पातळी कारणीभूत नसते. झोप, चिंता, श्रवणदोष आणि शरीरातील अन्य आजार यांचाही त्यात वाटा असतो.

आतील कानात शंखाच्या आकाराचा एक अवयव असून त्यात सूक्ष्म केसपेशी असतात. वयोमान, मोठा आवाज किंवा औषधांचा दुष्परिणाम यांमुळे त्या निकामी झाल्या की मेंदूकडे जाणारे संदेश कमी होतात. ही उणीव भरून काढण्यासाठी मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो. कमी आवाजातील रेडिओ ऐकण्यासाठी बटण पिळले की खरखरही वाढते, तसाच काहीसा हा प्रकार. म्हणूनच कर्णनाद असणाऱ्या बहुतेकांना थोडाफार श्रवणदोष असतो, मग त्यांना त्याची जाणीव असो वा नसो.

शांतता का सोसत नाही?

अमेरिकेतील हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी १९५३ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ऐकण्याची कोणतीही तक्रार नसलेल्या ८० प्रौढांना त्यांनी ध्वनिरोधक खोलीत बसवले. काही मिनिटांतच त्यांपैकी ९४ टक्के लोकांनी आपल्याला कोणता ना कोणता आवाज ऐकू येत असल्याचे सांगितले. संपूर्ण शांततेत निरोगी माणसालाही स्वतःच्या मज्जासंस्थेची गुणगुण ऐकू येऊ शकते, एवढा त्याचा अर्थ.

पुढे १९९० मध्ये पावेल यास्त्रेबॉफ यांनी या त्रासाची मज्जाशास्त्रीय मांडणी केली. मेंदूने एखाद्या आवाजाला 'धोका' असे लेबल लावले की लक्ष पुन्हा पुन्हा तिकडे जाते. लक्ष गेले की ताण वाढतो आणि ताण वाढला की आवाज अधिक ठळक होतो. हे चक्र तोडावयाचे, तर आवाजाला निरुपद्रवी समजून त्याच्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय मेंदूला लावावी लागते. सभोवती मंद, सौम्य ध्वनी असला की ही सवय लवकर लागते, असे या मांडणीचे सांगणे आहे.

मावळातील ऋतुचक्राशी हे ताडून पाहता येते. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पत्र्यावर, कौलांवर कोसळणारी सर, ओहोळांचा खळखळाट आणि भातखाचरांतील बेडकांचा घोष या काळात आपसूकच कानातील आवाजावर पांघरूण घालतात. दिवाळीनंतर पाऊस ओसरतो, खिडक्या मिटतात, पंखे बंद होतात आणि रात्री निःशब्द होतात. अशा वेळी आवाज वाढल्यासारखा वाटला, तर आजार बळावला असे लगेच मानू नये. भोवतालचा आवाज घटल्याचाही तो परिणाम असू शकतो. झोपताना मंद पंखा, हळू आवाजात लावलेला तंबोरा किंवा पावसाचे ध्वनिमुद्रण उपयोगी पडते. मात्र तो आवाज कर्णनादाला पूर्ण बुडवणारा नसावा, त्याच्याहून किंचित कमीच असावा, असे श्रवणतज्ज्ञ सुचवतात.

जोडीचे आजार

दीर्घकाळ एखादा आजार असलेल्या माणसाचा कर्णनाद एकट्या कानापुरता पाहून भागत नाही.

मधुमेहात सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि नसा यांना इजा होते. डोळे, मूत्रपिंड आणि पाय यांची काळजी घेण्याचे भान आता रुग्णांत आले आहे. कान मात्र दुर्लक्षित राहतात. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य पाहणीच्या आधारे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधुमेहींमध्ये श्रवणदोषाचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळले. त्यामुळे मधुमेहींनी डोळ्यांप्रमाणेच ऐकण्याचीही तपासणी करून घेणे श्रेयस्कर.

रक्तदाब, रक्तक्षय किंवा थायरॉइड ग्रंथीची अतिरिक्त क्रिया असल्यास नाडीच्या ठोक्यासोबत 'धप्-धप्' असा आवाज ऐकू येऊ शकतो. हा प्रकार नेहमीच्या कर्णनादाहून वेगळा असून त्यासाठी रक्तवाहिन्यांची तपासणी आवश्यक ठरते. मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात श्रवणदोषाचे प्रमाण वाढते. मानेचे व जबड्याच्या सांध्याचे दुखणे असलेल्या काहींचा आवाज मान वळवल्यावर किंवा दात आवळल्यावर बदलतो. अशांना भौतिकोपचाराचा लाभ होऊ शकतो. चक्कर, कान भरल्याची भावना आणि चढउतार होणारा श्रवणदोष ही लक्षणे सोबत असतील, तर मेनिएर विकाराचा विचार करावा लागतो. प्रॉस्पर मेनिएर या फ्रेंच वैद्याने १८६१ साली त्याचे वर्णन केले.

नैराश्य, चिंता व निद्रानाश यांचे कर्णनादाशी असलेले नाते दुहेरी आहे. आवाजामुळे झोप उडते आणि झोप उडाल्यामुळे आवाज असह्य होतो. अपुऱ्या झोपेमुळे रक्तदाब व रक्तशर्करा ताब्यात ठेवणेही कठीण जाते. म्हणूनच यांपैकी कोणत्या टोकापासून सुरुवात करावयाची, हे रुग्णागणिक ठरवावे लागते. अनेकदा झोप सुधारणे हीच पहिली पायरी ठरते.

औषधांची यादी सोबत हवी

एकाच वेळी चार-पाच आजारांची औषधे घेणाऱ्या रुग्णाला प्रत्येक डॉक्टरकडे सर्व औषधांची यादी न्यावी लागते. मोठ्या मात्रेतील अॅस्पिरिन व काही वेदनाशामके, सूज उतरवण्यासाठी दिले जाणारे फ्युरोसेमाइड, क्विनिन, जेंटामायसिन व अमिकासिन ही इंजेक्शने आणि कर्करोगावरील सिसप्लाटिन यांचा कानावर परिणाम होऊ शकतो. अॅस्पिरिनमुळे उद्भवलेला आवाज मात्रा कमी केल्यावर बहुधा थांबतो. हृदयविकारासाठी दिली जाणारी अल्प मात्रा सहसा हा त्रास देत नाही. ती गोळी कर्णनादाच्या भीतीने आपल्या मनाने बंद करणे धोक्याचे होय.

क्षयरोगाचा येथे वेगळा उल्लेख करावयास हवा. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर पूर्वी कानामायसिनची इंजेक्शने दिली जात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ती वापरू नयेत, असे सांगितले आणि केवळ तोंडाने घ्यावयाच्या औषधांवर भर आला. तथापि आधीच्या काळात ही इंजेक्शने घेतलेल्या काही रुग्णांचा क्षय बरा झाला तरी कानातील आवाज व बहिरेपणा कायम राहिला. अशांनी जुनी कागदपत्रे जपून ठेवून श्रवणतज्ज्ञांना दाखवावीत.

घाट, दमट हवा आणि कान

खोपोलीहून लोणावळ्यास येताना थोड्या अंतरात पाचशे मीटरहून अधिक चढण पार होते. हवेचा दाब बदलल्याने कानाला दडे बसतात आणि सर्दी असल्यास ते लवकर सुटत नाहीत. अशा वेळी कर्णनाद तात्पुरता वाढू शकतो. आवंढा गिळणे, जांभई देणे, एखादी गोळी चघळणे (मधुमेहींनी बिनसाखरेची) एवढ्याने बहुतेकांना आराम पडतो. काही दिवसांत दडे न सुटल्यास कान दाखवून घ्यावा.

पावसाळ्यातील दमटपणा हा दुसरा प्रश्न. कानाच्या नळीत ओल राहिली की बुरशी वाढते, खाज सुटते, कान भरल्यासारखा वाटतो आणि आवाज येऊ लागतो. मधुमेहींना हा संसर्ग अधिक होतो. ज्येष्ठ मधुमेही व्यक्तीचा कान तीव्र दुखत असेल आणि त्यातून स्राव येत असेल, तर हाडापर्यंत पसरणाऱ्या गंभीर संसर्गाची शक्यता असते. घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. कानात कोमट तेल घालण्याची जुनी रीत अनेक घरांत आहे. कानाचा पडदा फाटलेला असल्यास किंवा बुरशी असल्यास ती अपाय करते. काडी, पिन, मेणबत्तीसारखे उपायही टाळावेत.

श्रवणयंत्राला दमटपणा मानवत नाही. जून ते सप्टेंबर या काळात यंत्र रात्री ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवणे, बॅटरीचे झाकण उघडे ठेवणे आणि भिजल्यास केस वाळवण्याच्या गरम यंत्राने न सुकवणे, एवढी पथ्ये पाळल्यास दुरुस्तीचा खर्च वाचतो.

आवाजाच्या छायेतील नोकऱ्या

निवांतपणाची ख्याती असलेला हा तालुका मोठ्या आवाजाच्या व्यवसायांचाही आहे. घाट चढणाऱ्या गाड्यांना जादा इंजिने जोडली जातात. नौदलाच्या सागरी अभियंत्यांना घडवणारी 'आयएनएस शिवाजी' ही संस्था १९४५ पासून लोणावळ्यात आहे आणि इंजिनकक्ष ही जगभरच मोठ्या आवाजाची जागा मानली जाते. तळेगाव औद्योगिक परिसर व शेजारच्या चाकणमध्ये मावळातील असंख्य तरुण कामास जातात. प्रेस, ग्राइंडर, कॉम्प्रेसर यांच्या सान्निध्यात वर्षे काढल्यावर ऐकू येणे हळूहळू कमी होते, आणि कित्येकदा कर्णनाद हीच त्याची पहिली सूचना असते. कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या परिशिष्टात आवाजामुळे येणाऱ्या श्रवणदोषाची नोंद व्यवसायजन्य आजार म्हणून करण्यात आली होती. कामावरून परतल्यावर कानात शिट्टी वाजत असेल, तर कर्णरक्षक साधने वापरण्याची व श्रवणचाचणीची वेळ झाली, असे समजावे.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शनिवार-रविवारच्या पार्ट्या, लग्नसराई आणि मिरवणुकांतील भिंतीएवढे ध्वनिवर्धक यांपुढे ती कितपत टिकते, हे येथील रहिवासी जाणतात. कर्णनादाच्या रुग्णाने अशा ठिकाणी कानात बोळे घालावेत. मात्र एरवी घरात दिवसभर बोळे घालून बसू नये. त्यामुळे शांतता वाढते आणि आतील आवाजच ठळक होतो.

तपासणी केव्हा व कोठे?

पुढील लक्षणांत विलंब करू नये : एकाएकी एका कानाने ऐकू येणे बंद होणे, केवळ एकाच कानात सतत आवाज येणे, नाडीच्या ठोक्याबरोबर आवाज येणे, सोबत तीव्र चक्कर, चेहरा वाकडा होणे किंवा बोलणे अडखळणे, डोक्याला मार लागल्यावर आवाज सुरू होणे. यांपैकी चेहरा वाकडा होणे वा बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे असू शकतात. अशा वेळी थेट रुग्णालय गाठावे. अकस्मात आलेल्या बहिरेपणावर स्टेरॉइडचे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत, शक्यतो पहिल्या काही दिवसांतच सुरू व्हावे लागतात. स्टेरॉइडमुळे रक्तशर्करा वाढते. त्यामुळे मधुमेहींनी ही बाब कानाच्या डॉक्टरांना प्रथम सांगावी. अशांना औषध थेट मध्यकर्णात टोचण्याचा पर्यायही असतो.

एरवीच्या तपासणीत कानातील मळ पाहणे, पडद्याची तपासणी व ऑडिओमेट्री यांचा समावेश होतो. केवळ मळ काढल्याने आवाज थांबलेलेही रुग्ण असतात. तळेगाव दाभाडे येथे १९९५ मध्ये सुरू झालेले मायमर वैद्यकीय महाविद्यालय व त्यास संलग्न डॉ. भाऊसाहेब सरदेसाई तळेगाव ग्रामीण रुग्णालय आहे. लोणावळा लोकलने ६४ किलोमीटरवरील पुणे गाठल्यास ससून सर्वोपचार रुग्णालय आणि भारती विद्यापीठाची श्रवणशास्त्र शाखा आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच क्षेत्रात काम करते. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत कर्णनाद स्वतंत्रपणे नाही. प्रमाणपत्र मिळते ते श्रवणदोषाच्या प्रमाणावर.

उपचारांत काय टिकले?

आवाज कायमचा बंद करणारी गोळी आजही उपलब्ध नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत जिंको, मेलाटोनिन, जस्त किंवा अन्य पूरक आहार कर्णनादासाठी सुचवू नयेत, असे स्पष्ट केले. याउलट श्रवणदोष असल्यास श्रवणयंत्र उपयुक्त ठरते, कारण बाहेरचे आवाज पुन्हा मेंदूपर्यंत पोहोचू लागतात. विचार व वर्तन बदलण्यास शिकवणारी मानसोपचार पद्धती, म्हणजे सीबीटी, हिचा २८ चाचण्यांचा आढावा २०२० मध्ये कॉक्रेन संस्थेने प्रसिद्ध केला. या पद्धतीने कर्णनादाचा जीवनमानावरील परिणाम कमी होऊ शकतो, असे त्यात दिसून आले. कानातील ध्वनी व जिभेवरील सौम्य विद्युतस्पर्श यांचा मेळ घालणाऱ्या एका उपकरणास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ साली मान्यता दिली. ते महाग आहे आणि सर्वांना लागू पडत नाही.

'आता याच्यासोबतच जगावे लागेल' एवढेच सांगून रुग्णाची बोळवण होते, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. हे विधान अर्धवट आहे. सोबत जगण्याचे तंत्र शिकता येते, आणि ते शिकवणे हाही उपचारच होय. निराशा फार दाटून आल्यास केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही १४४१६ क्रमांकाची सेवा २०२२ पासून चालू आहे.

योगाची मर्यादा आणि मोल

स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधामाची स्थापना केली आणि योगक्रियांचा क्ष-किरण व दाबमापनाच्या साह्याने अभ्यास आरंभला. याच संस्थेने हठप्रदीपिकेची चिकित्सक आवृत्ती १९७० मध्ये प्रसिद्ध केली. त्या ग्रंथाच्या चौथ्या उपदेशात साधकाला ऐकू येणाऱ्या सूक्ष्म नादांचे वर्णन आहे. त्यावरून आपल्या कानातील आवाज म्हणजे अनाहत नादच, असे समजून तपासणी टाळणारेही भेटतात. नादानुसंधान ही स्वेच्छेने केलेली साधना आहे. न बोलावता आलेल्या आणि झोप उडवणाऱ्या आवाजाला आधी ऑडिओमेट्रीच हवी.

भ्रामरी, दीर्घ श्वसन, शवासन यांनी ताण हलका होऊन झोपेस मदत होऊ शकते. या क्रियांनी कर्णनाद नाहीसा होतो, असे मात्र सिद्ध झालेले नाही. रक्तदाब, काचबिंदू किंवा हृदयविकार असलेल्यांनी श्वास रोखून धरणे आणि शीर्षासनासारखी उलटी आसने टाळावीत, तसेच कोणतीही क्रिया जाणकाराच्या देखरेखीखाली करावी.

रोजच्या व्यवहारात

एका वहीत दर आठवड्याला रक्तदाब, साखर, झोपेचे तास आणि आवाजाचा त्रास शून्य ते दहा अशा अंकात नोंदवावा. महिन्याभरात काही दुवे दिसू लागतात : कोणाचा त्रास जागरणानंतर वाढतो, कोणाचा साखर बिघडल्यावर, तर कोणाचा नवे औषध सुरू झाल्यावर. दररोज नोंद करू नये, कारण आवाजावर पहारा ठेवल्याने तो अधिकच जाणवतो. चहा-कॉफी सर्वांनीच सोडावी असा पुरावा नाही. मीठ कमी करण्याचा लाभ रक्तदाब व मेनिएर विकार असणाऱ्यांना होतो. सकाळचे चालणे सर्वच जुन्या आजारांना मानवते. एकट्याने खोलीत बसण्यापेक्षा कट्ट्यावरच्या गप्पा, भजन, बागकाम यांत कान गुंतलेला राहतो.

कुटुंबीयांची भूमिकाही मोठी आहे. हा आवाज दुसऱ्या कोणालाच ऐकू येत नसल्याने रुग्णावर 'मनाचे खेळ' असा शिक्का बसतो. 'आजी मुद्दाम ऐकत नाही', 'बाबा हल्ली चिडचिडे झाले' असे म्हणण्यापूर्वी त्यांच्यासमोर बसून, चेहरा दिसेल अशा प्रकारे, सावकाश बोलून पाहावे. लोणावळा-मावळात विश्रांतीसाठी घर घेतलेल्यांनी त्या घरात थोडा आवाजही वसवावा : पंख्याचा, पाण्याचा, सुरांचा आणि माणसांचा.